मनाच्या कोपऱ्यात दडलेले : आर्सच्या धर्मगुरूंची एक प्रार्थना



पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण देवळातल्या बाकावर दोन मिनिटे डोळे मिटून बसतो आणि मनात यादी जुळवतो. रागावलो, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकवली, शेजाऱ्याची निंदा केली. मी माझेच सांगतो. प्रथम कम्युनियनच्या वर्गात शिकलेली यादी मी कित्येक वर्षे जवळजवळ तशीच म्हणत आलो. वय वाढले, संसार झाला, केस पिकले. यादी मात्र नऊ-दहा वर्षांच्या मुलाचीच राहिली. त्यातली पापे खोटी नव्हती. पण त्यांच्या आडोशाला आणखी काहीतरी बसलेले होते. ते मला दिसत नव्हते. खरे सांगायचे तर, ते दिसू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

स्तोत्रसंहितेतील एकोणिसाव्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता नेमक्या याच गोष्टीसाठी देवाकडे हात पसरतो. जी पापे माझी मलाच ठाऊक नाहीत, ती तू धुऊन काढ, असा त्याच्या मागण्याचा अर्थ आहे. प्रार्थना म्हणून हे वाचायला फार सोपे वाटते. मात्र एका फ्रेंच धर्मगुरूंनी ती अगदी मनापासून केली. देवाने मागणे मान्य केले आणि त्यांना ते झेपेना! ते धर्मगुरू म्हणजे संत जॉन मेरी व्हियानी. दरवर्षी ४ ऑगस्टला आपण त्यांचा सण साजरा करतो. त्यांची कठोर तपश्चर्या आणि त्यांना छळणारा सैतान यांच्या कथा आपण प्रवचनांत ऐकलेल्या असतात. आज त्यांच्या जीवनाकडे थोड्या वेगळ्या वाटेने जाऊ या.

जॉनचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लियों शहराजवळच्या दार्दिली या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो तीन वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणाऱ्या धर्मगुरूंना लपूनछपून राहावे लागले. कोणी सुतार म्हणून, कोणी स्वयंपाकी म्हणून वेष पालटून फिरत आणि रात्री एखाद्या घरात किंवा गोठ्यात मिस्सा अर्पण करत. अशाच एका धर्मगुरूंनी, फादर ग्रोबो यांनी, १७९७ साली अकरा वर्षांच्या जॉनचे पहिले पापनिवेदन ऐकले. ते झाले त्याच्याच घरात, भिंतीशी उभ्या असलेल्या मोठ्या घड्याळाच्या पायथ्याशी. ती जागा तो कधी विसरला नाही. दोन वर्षांनी, १७९९ साली, एक्युली गावातील एका घरात त्याने प्रथम कम्युनियन स्वीकारले. आतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या.

विचार करा. ज्या मुलाने कन्फेशनसाठी माणसे जीव धोक्यात घालताना पाहिली, त्याला त्या संस्काराची किंमत कुणी वेगळी शिकवायची गरज उरते का?

पुढचा प्रवास मात्र खडतर होता. शाळा जवळजवळ झालीच नव्हती. एक्युलीचे फादर बॅले यांच्याकडे तो विशीच्या उंबरठ्यावर लॅटिन शिकायला गेला, तेव्हा त्याच्या बाकावर बारा वर्षांची मुले बसत. त्यातला मथायस लोरास नावाचा एक हुशार मुलगा त्याच्या मंदपणाला इतका कंटाळला की एकदा सर्वांदेखत त्याने जॉनच्या मुस्कटात मारली. जॉनही स्वभावाने तापटच होता. पण मार खाल्लेला हा विशीतला तरुण त्या पोरासमोर गुडघे टेकून बसला आणि त्याने त्याचीच क्षमा मागितली. मथायसला रडू कोसळले. पुढे हाच मुलगा अमेरिकेत डब्युकचा पहिला बिशप झाला, आणि ती घटना तो जन्मभर सांगत राहिला.

मध्ये सैन्यभरतीचे प्रकरण आले. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात त्याला बोलावणे आले. तो आजारी पडला, तुकडीपासून मागे राहिला आणि एका अनोळखी माणसाच्या पाठोपाठ डोंगरातील ले नोए या खेड्यात जाऊन पोहोचला. तिथे खोट्या नावाने वर्षभराहून अधिक काळ तो लपून राहिला. १८१० साली माफी जाहीर झाली. त्याच्या जागी धाकटा भाऊ सैन्यात गेला. आपल्या संताच्या चरित्रात पळपुटा सैनिक हा शब्द वाचायला जड जातो, पण तो आहे, आणि चरित्रकारांनी तो झाकलेला नाही.

लियोंच्या सेमिनरीत लॅटिनमुळे ते नापास झाले. फादर बॅले यांनी रदबदली केली, या मुलाच्या भक्तीची हमी दिली, आणि अखेर १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यातही गंमत पाहा. ज्यांना पुढे सारे फ्रान्स पापनिवेदन करणार होते, त्यांना आरंभी पापनिवेदन ऐकण्याची परवानगीच नव्हती! त्यांचे ज्ञान अपुरे आहे असे वरिष्ठांना वाटले. काही महिन्यांनी ती परवानगी आली, तेव्हा सर्वांत पहिले कोण आले? स्वतः फादर बॅले. ज्या गुरूने त्यांना घडवले, त्या म्हाताऱ्या गुरूने शिष्यापुढे गुडघे टेकले आणि आपली पापे सांगितली. त्या दिवशी तरुण धर्मगुरू काय शिकले असतील याचा आपण विचार करावा. ज्या माणसाला ते संत समजत होते, त्यालाही सांगण्यासारखे काहीतरी होतेच. १८१७ च्या डिसेंबरात फादर बॅले प्रभूघरी गेले.

१८१८ च्या फेब्रुवारीत व्हियानी आर्सला आले. गाव कसले, २३० माणसांची वस्ती. धुक्यात वाट चुकली म्हणून त्यांनी एका मेंढपाळ मुलाला रस्ता विचारला, हे आपण अनेकदा ऐकले आहे. गावात दारूचे गुत्ते होते, रविवारी शेतात कामे चालत आणि संध्याकाळी नाच. लोक नास्तिक नव्हते. देवाला विसरले होते, एवढेच. नव्या धर्मगुरूंनी पहाटेपासून देवळात गुडघे टेकले. अंगावर चाबूक ओढला. आठवड्याचे बटाटे एकदाच उकडून ठेवले आणि बुरशी आलेले खाल्ले. उतारवयात या साऱ्याला ते आपल्या तरुणपणाचा वेडेपणा म्हणत.

इथे थोडे स्पष्ट बोलतो. आरंभीच्या वर्षांतले व्हियानी मला अवघड वाटतात. नाचणाऱ्या तरुण-तरुणींना ते महिनोन्‌महिने पापक्षमा देत नसत. संत योहान बाप्तिस्माच्या चॅपेलच्या कमानीवर त्यांनी लिहून घेतले की एका नाचापायी या संताचे डोके गेले. त्या काळच्या फ्रान्समधील धर्मगुरूंना पापनिवेदनाची कडक शिस्त शिकवली जाई आणि तेही त्यातलेच होते. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांची सौम्य शिकवण त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांच्यात बदल झाला. पण केवळ पुस्तकामुळे माणूस एवढा बदलत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मनात जे घडले, त्याचाही यात वाटा आहे.

घडले ते असे. आर्समध्ये असताना त्यांनी एकदा देवाकडे मागणे केले की, माझी खरी दैन्यावस्था मला दाखव. माझ्या अंतःकरणात काय काय आहे ते तुझ्या डोळ्यांनी मला पाहू दे.

देवाने दाखवले.

त्याविषयी ते फार थोड्या जणांशी बोलले. आपल्या शाळेतील ब्रदर अथानास यांच्याशी आणि आणखी एक-दोघांशी. जे दिसले त्याने ते इतके घाबरले की तत्क्षणी त्यांनी ते विसरण्याची कृपा मागितली. देवाने सांभाळले नसते तर त्याच घटकेला आपण निराशेच्या गर्तेत पडलो असतो, असे त्यांनी सांगितले. देवाने ती दृष्टी आवरली, पण पूर्ण नाही. आपण स्वतःच्या बळावर काहीही करू शकत नाही एवढे कळेल इतका उजेड मागे ठेवला. दुसऱ्या एका व्यक्तीला अशीच प्रार्थना करण्याची इच्छा होती. तिला त्यांनी सावध केले की सगळे एकदम दाखव असे मागू नकोस.

काय पाहिले त्यांनी? खून, चोरी, व्यभिचार यातले काही त्यांच्या जीवनात नव्हते. तरुणपणापासून ते निर्मळ होते, असे त्यांना जवळून ओळखणाऱ्या सर्वांनी संतपदाच्या चौकशीत शपथेवर सांगितले आहे. मग घाबरण्यासारखे काय होते? बंद खोलीत सकाळचे ऊन तिरपे आत आले की हवेतली धूळ दिसू लागते. खोली कालही तेवढीच धुळीची होती. उजेड नव्हता, म्हणून स्वच्छ वाटत होती. देवाच्या जितके जवळ जावे, तितके आपण केलेल्या चांगल्या कामातले ‘मी’पण दिसू लागते. लोकांनी पाहावे म्हणून केलेली प्रार्थना, आभार मिळावे म्हणून केलेले दान, समोरच्याला खाली दाखवणारी क्षमा. ही पापे यादीत येत नाहीत, कारण ती पुण्याचे कपडे घालून वावरतात.

असे स्वतःला पाहिलेले धर्मगुरू मग पापनिवेदनाच्या कठड्यात बसले. साधारण १८२७ पासून बाहेरगावचे लोक येऊ लागले आणि मग ती रांग तीस वर्षे तुटली नाही. उन्हाळ्यात ते रात्री एक वाजता देवळात येत. दिवसाचे अकरा-बारा, कधी सोळा तास पापनिवेदने चालत. स्त्रियांसाठी योहान बाप्तिस्माच्या चॅपेलमध्ये, पुरुषांसाठी साक्रिस्तीत. हिवाळ्यात पाय गारठून बधिर होत, उन्हाळ्यात त्या कोंदट जागेत घेरी येई. लियोंच्या रेल्वे स्थानकावर आर्सला जाणाऱ्यांसाठी तिकिटाची वेगळी खिडकी उघडावी लागली. परतीचे तिकीट आठ दिवस चाले, कारण फादरांपर्यंत पोहोचायलाच काही दिवस लागत. अखेरच्या वर्षी येणाऱ्यांचा आकडा ८० हजारांच्या घरात गेला असे सांगतात.

हे लोक कशासाठी येत होते? घराजवळ देऊळ होते, धर्मगुरू होते. तरी ते शेकडो मैल येत, कारण हा माणूस न सांगितलेले ओळखतो अशी ख्याती होती. अनेकांनी साक्ष दिली आहे की ते सगळे सांगून थांबले, तेव्हा फादरांनी राहिलेली गोष्ट हळूच पुढे ठेवली. कुणी वर्षे कमी सांगितली तर त्यांनी बरोबर आकडा सांगितला. १८५२ साली दोरेल नावाचा एक गिलावा करणारा कारागीर मित्राबरोबर आर्सला आला. आपण कन्फेशनसाठी आलेलो नाही हे लोकांना कळावे म्हणून त्याने शिकाऱ्याचा वेष केला, खांद्यावर बंदूक आणि सोबत एक देखणा कुत्रा घेतला. फादर गर्दीतून आशीर्वाद देत चालले होते. त्याच्यापुढे थांबून त्यांनी कुत्र्याकडे पाहिले आणि तुझा आत्मा या कुत्र्याइतका सुंदर असता तर किती बरे झाले असते, अशा अर्थाचे काही म्हणाले. दोरेलने मान खाली घातली. बंदूक आणि कुत्रा गावात कुणाकडे तरी ठेवून तो रांगेत उभा राहिला. पुढे तो ट्रॅपिस्ट मठात ब्रदर झाला आणि तिथेच वारला. तो आला होता शिकारी म्हणून. हे त्याचे सोंग म्हणजे आपल्यापैकी कितीजणांचे सोंग आहे! मी इथे दुसऱ्याच कामासाठी आलोय, असे दाखवत आपणही देवळाच्या दारात उभे असतोच ना?

मात्र त्यांच्या नजरेचा धाक वाटला तरी लोक घाबरून पळाले नाहीत, ही गोष्ट लक्षात घ्यावी. मन वाचणाऱ्या माणसापासून आपण दूर राहतो. त्यांच्याकडे मात्र गर्दी झाली. कारण पाप सांगणारा कोरडा असला तरी ऐकणारा रडत असे. फादर का रडता, असे एकाने विचारले तेव्हा तू रडत नाहीस म्हणून, असे काहीसे उत्तर त्याला मिळाले. पुढे पुढे ते प्रायश्चित्त फार थोडे देत. एका धर्मगुरूंनी याबद्दल विचारल्यावर त्यांनी सांगितले की थोडे त्यांना देतो आणि उरलेले त्यांच्या वतीने मी करतो. एक विधवा त्यांच्या देवळात आली होती. तिच्या नवऱ्याने पुलावरून उडी घेऊन जीव दिला होता आणि तो कायमचा नष्ट झाला या विचाराने ती झुरत होती. तिने तोंड उघडण्यापूर्वीच फादरांनी तिला सांगितले की तो वाचला आहे. पुलाच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतच्या त्या अंतरात त्याला पश्चात्तापाची वेळ मिळाली. माणसाच्या मनात शेवटच्या क्षणी काय चालते ते देवच जाणतो. लपलेले पाप देवाला दिसते तसा लपलेला पश्चात्तापही दिसतो.

आता त्यांच्या स्वतःच्या मनातील त्या कोपऱ्याकडे वळू, ज्याकडे चरित्र वाचताना आपण सहसा कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो.

फादर व्हियानींना पळून जायचे होते. चाळीस वर्षांत हा विचार त्यांना सुटला नाही. एखाद्या मठात किंवा एकांतात जावे आणि आपल्या पापी जीवनासाठी रडत बसावे, एवढीच त्यांची इच्छा होती. १८४० साली एका रात्री ते एकटेच निघाले. गावाबाहेर थोड्या अंतरावर एका क्रुसाजवळ थांबले. ही देवाची इच्छा आहे का? एका आत्म्याचे परिवर्तन माझ्या एकांतातल्या साऱ्या प्रार्थनांहून मोलाचे नाही का? असा विचार मनात आला आणि ते उलट पावली परतले. १८४३ च्या मे महिन्यात ते मरणाच्या दारातून परत आले, आणि सप्टेंबरात पुन्हा निघाले. या वेळी रातोरात चालत आपल्या भावाच्या घरी, दार्दिलीला पोहोचले. यात्रेकरू तिथेही येऊन धडकले! आठवड्याने ते आर्सला परतले, तेव्हा सगळे गाव रस्त्यावर उभे होते.

तिसरी वेळ ३ सप्टेंबर १८५३ च्या रात्रीची. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते. त्यांचे मदतनीस फादर तोकानिए आणि ब्रदर यांना सुगावा लागला. ते कंदील घेऊन वाटेत आडवे झाले. कुणीतरी घंटा वाजवली आणि गाव जागे झाले. काहींना वाटले आग लागली, काहींना वाटले चोर आले. फादर तोकानिए यांनी युक्ती केली. त्यांच्या हातातील प्रार्थनेचे पुस्तक घेतले आणि ते घेऊन घराकडे चालू लागले. म्हातारे फादर पुस्तकासाठी मागे फिरले. खोलीत दिवंगत बिशप देव्ही यांची तसबीर होती. बिशपांनी तुम्हांला जाऊ दिले नव्हते, याची त्यांना तसबिरीकडे बोट दाखवून आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले की मला रडायची किती गरज आहे हे बिशपांना ठाऊक आहे, ते रागावणार नाहीत. अखेर ते देवळाकडे आले. पापनिवेदनासाठी आलेले लोक त्यांच्या पाया पडून, रडून विनवत होते. ते त्यांच्यामधून वाट काढत गेले आणि आपल्या जागी जाऊन बसले.

आता सांगा, एकांतात बसून पापांसाठी रडावे, यात वाईट काय आहे? कुणालाही ही इच्छा पवित्रच वाटेल. त्यांनाही वाटली, वर्षानुवर्षे वाटली. नंतर मात्र त्यांनी कबूल केले की त्या ओढीत काहीतरी अतिरेकी होते, संयम नव्हता, आणि सैतानाने त्याचाच फायदा घेतला. माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या चमत्कारांपेक्षा ही कबुली मोठी आहे. त्यांना स्वतःची इच्छा देवाच्या इच्छेपुढे ठेवायची होती, आणि ती इच्छा प्रार्थनेच्याच वेषात आली होती. ज्याने लाखो लोकांच्या मनातले ओळखले, त्याला स्वतःच्या मनातला हा धागा सापडायला इतकी वर्षे लागली. इतरांनी वाट अडवली नसती तर कदाचित सापडलाही नसता.

ही वाट अडवणारी माणसे त्यांना अनेकदा भेटली, आणि सगळीच कंदील घेऊन प्रेमाने आलेली नव्हती. आरंभीच्या काळात त्यांच्यावर अत्यंत घाणेरडा आरोप झाला. गावातील एका अविवाहित मुलीला मूल झाले आणि बोट फादरांकडे दाखवले गेले. त्यांच्या दारावर घाण फासली गेली. नंतर आजूबाजूचे काही धर्मगुरू त्यांच्यावर नाराज झाले; हा अडाणी माणूस लोकांना काय मार्गदर्शन करणार, अशी त्यांची तक्रार. बिशपांकडे पाठवायचे तक्रारीचे पत्र सह्यांसाठी फिरत असताना चुकून खुद्द व्हियानींच्याच हाती आले. त्यांनी ते वाचले, त्याखाली स्वतःची सही केली आणि बिशपांकडे पाठवून दिले. तक्रार त्यांना खरीच वाटली होती! बिशप देव्ही यांनी मात्र त्यांची बाजू सोडली नाही.

१८४५ मध्ये फादर रेमों हे तरुण मदतनीस आले. हा मनुष्य कष्टाळू होता, पण तोंडाने कडक. पुढे धर्मग्राम आपल्याकडेच येणार अशा थाटात तो वागे, आणि प्रवचनपीठावरूनही म्हाताऱ्या धर्मगुरूंचे म्हणणे खोडून काढी. आठ वर्षे हे चालले. लोक चिडले, त्याची बदली करा म्हणाले. फादरांनी नकार दिला. बाकी सगळे माझी स्तुती करतात, हा एकटाच मला माझे दोष तोंडावर सांगतो, अशा अर्थाची त्यांची भूमिका होती. आपल्या घरात असे कोण असते? बायको, नवरा, मोठी झालेली मुले. त्यांचे बोलणे कर्कश असते, वेळ चुकीची असते, अर्धे अन्यायाचे असते. पण उरलेले अर्धे? आर्सचे धर्मगुरू त्या उरलेल्या अर्ध्यासाठी फादर रेमों यांना जवळ ठेवत होते. देवाकडे मनाचा उजेड मागितला की तो नेहमीच प्रार्थनेच्या शांततेत येतो असे नाही. कधी तो असा स्वयंपाकघरातल्या भांडणातूनही येतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. दिवसातले इतके तास दुसऱ्यांची पापे ऐकणारे फादर व्हियानी स्वतः दुसऱ्या धर्मगुरूंकडे जाऊन पापनिवेदन करत. शेवटची तेरा वर्षे शेजारच्या जासां गावचे फादर लुई बो हे त्यांचे पापनिवेदक होते. एक साधे खेडेगावचे धर्मगुरू, नावाजलेले कुणी नव्हे. ज्याला दुसऱ्याचे अंतःकरण पुस्तकासारखे वाचता येत होते, तो स्वतःचे वाचून घेण्यासाठी शेजारच्या फादरांपुढे गुडघे टेकत होता. आपल्यापैकी काहीजण म्हणतात, मी सरळ देवाशी बोलतो, मध्ये धर्मगुरू कशाला? बोलावे, जरूर बोलावे. पण स्वतःची फिर्याद, स्वतःचीच वकिली आणि स्वतःच न्यायाधीश, अशा कोर्टात लपलेली गोष्ट बाहेर कशी यायची?

१८५९ चा जुलै फार कडक उन्हाळ्याचा होता. २९ तारखेला नेहमीप्रमाणे ते रात्री एकला देवळात गेले, दिवसभर पापनिवेदने ऐकली, आणि रात्री घरी परतले ते कोसळूनच. दुसऱ्या दिवशी त्यांनी जासांच्या फादरांना बोलावून घ्यायला सांगितले. फादर बो आले. व्हियानींनी त्यांच्याकडे शेवटचे पापनिवेदन केले. ज्या निराशेच्या भीतीने आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवला होता, मरताना आपण धीर सोडू असे ज्यांना वर्षानुवर्षे वाटत होते, त्यांच्या मनात आता कसलीच खळबळ नव्हती. शेवटचे कम्युनियन आणताना घंटा वाजली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. प्रभू स्वतः शेवटच्या वेळी भेटायला येतो आहे, याचे ते पाणी होते.

बाहेर उकाडा असह्य होत होता. गावकऱ्यांनी घराला शिड्या लावल्या, छपरावर कापडे पसरली आणि आतल्या खोलीला थोडा गारवा मिळावा म्हणून ती पाण्याने भिजवत राहिले. ज्या गावाने एकेकाळी त्यांच्या दाराला घाण फासली होती, तेच हे गाव. ४ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजता, मरणासन्नांसाठीच्या प्रार्थना चालू असताना, त्यांनी शांतपणे प्राण सोडला. ३१ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले आणि १९२९ साली ते धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते झाले. त्यांचे हृदय आर्समध्ये वेगळे जतन करून ठेवलेले आहे. २००९ साली, त्यांच्या मृत्यूला दीडशे वर्षे झाली म्हणून पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मगुरूंचे वर्ष जाहीर केले, तेव्हा ते हृदय रोमला नेण्यात आले होते आणि पोप महाशयांनी त्याच्यापुढे प्रार्थना केली.